विचित्र आकडा खरा असतो, सरळ दिसणारा खोटा असू शकतो

माझी भाची एका गुंतवणूक व्यवस्थापन कंपनीत डेटा ऑपरेशन्स विभागात आहे. परवा रात्री तिने एक फिरता मेसेज मला पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, हे खरं असेल तर मी आत्ताच दुसरं काहीतरी शिकायला घेऊ का?" हाच मेसेज मला याआधी दोन-तीन जणांकडून आला होता आणि मी तो न वाचताच सोडून दिला होता. तिच्याकडून आल्यावर पूर्ण वाचला, आणि आता गप्प बसवत नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. फंड चालवणाऱ्या कंपन्यांनी सगळा डेटा एका डेटा लेकमध्ये, म्हणजे सगळ्या प्रकारच्या माहितीच्या एकाच मोठ्या साठ्यात, ओतावा. चुकीचे आकडे एआय आपोआप ओळखून दुरुस्त करेल. मग किमती तपासणारी आणि कस्टोडियनच्या (फंडाचे शेअर-रोखे सांभाळणाऱ्या बँकेच्या) नोंदींशी जुळवणी करणारी माणसं लागणार नाहीत, ती 'निव्वळ खर्च' आहेत. क्लाउडवर गेलं की बॅकअपची चिंता संपली. एक्सेल म्हणजे मागासलेपणा. आणि नामांकित विक्रेत्याची यंत्रणा घेतली की चुकीची जबाबदारी त्याची.

यातला सगळ्यात घातक दावा 'आपोआप दुरुस्त'चा आहे. आकडा चुकीचा आहे हे यंत्र कशावरून ठरवतं? बहुतेकदा तो आधीच्या आकड्यांपेक्षा किती वेगळा आहे, यावरून. आता काल ५०० वर असलेला एक शेअर आज १०० वर दिसतोय असं समजा. एकाचे पाच शेअर झाले असतील, म्हणजे स्प्लिट. तसं असेल तर किंमत बरोबर आहे, आपल्याकडची संख्या पाचपट करायची राहिली आहे. कंपनीत घोटाळा उघड झाला असेल, तर किंमतही बरोबर आणि संख्याही बरोबर, कशालाच हात लावायचा नाही. किंवा डेटा पुरवणाऱ्याने दुसऱ्याच रोख्याची किंमत या आयसिनखाली (रोख्याच्या ओळख क्रमांकाखाली) पाठवली असेल, तर तो आकडा फेकून द्यायचा. पडद्यावर तिन्ही वेळा दिसतं एकच: ५०० चे १००. फरक कळतो तो कंपनीची सूचना वाचून, कस्टोडियनकडची शिल्लक पाहून, पुरवठादाराला फोन करून. माझी भाची दिवसभर हेच करते. याला 'निव्वळ खर्च' म्हणणाऱ्याने हे काम एक दिवस जवळून पाहिलेलं नाही.

आकडा कितीही अशक्य वाटला तरी खरा असू शकतो. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. उणे! 'किंमत शून्याखाली जात नाही' असं गृहीत धरून लिहिलेल्या प्रणाली त्या दिवशी उघड्या पडल्या. इंटरॅक्टिव्ह ब्रोकर्ससारख्या मोठ्या दलाल कंपनीच्या यंत्रणेलाही उणे किंमत हाताळता आली नाही, आणि पुढे नियामकाने तिला दंड केला. असं होऊ शकतं, हे एक्सचेंजने काही दिवस आधी कळवलं होतं. ती सूचना वाचून सॉफ्टवेअरमधलं गृहीतक बदलायला हवं होतं. जुन्या किमतींवर शिकलेल्या 'स्वच्छता' यंत्राने मात्र तो आकडा चूक समजून पुसला असता, कारण तसा आकडा त्याने कधी पाहिलेलाच नसता.

याच्या उलट गोष्ट जास्त भयंकर आहे, आणि ती मी प्रत्येकाला सांगतो. एक्सा रोझेनबर्ग ही संगणकी मॉडेलवर गुंतवणूक करणारी कंपनी. तिच्याबद्दलचा अमेरिकेच्या एसईसीचा, म्हणजे तिथल्या शेअर बाजार नियामकाचा, फेब्रुवारी २०११ चा आदेश मेसेज लिहिणाऱ्याने एकदा वाचावा. एप्रिल २००७ मध्ये तिच्या मॉडेलच्या कोडमध्ये एक चूक शिरली. मॉडेलचे काही भाग पुढच्या टप्प्याला माहिती दशांशात पाठवत होते, काही टक्क्यांत. दोन्ही एका मापात आणणं राहून गेलं. ०.०५ आणि ५ या दोन्हींचा अर्थ पाच टक्केच, पण यंत्राला दुसरा शंभरपट मोठा दिसतो. परिणामी जोखमीच्या एका महत्त्वाच्या घटकाला जेवढं वजन मिळायला हवं होतं तेवढं मिळालंच नाही. कुठला दिवा लागला नाही, काही बंद पडलं नाही. सगळे आकडे रोज व्यवस्थित दिसत होते.

ही चूक दोन वर्षं टिकली. जून २००९ मध्ये तिथल्या एका कर्मचाऱ्याच्या लक्षात आली. माणसाच्या लक्षात आली, हे मेसेजवाल्यांनी नीट ऐकावं. त्यानंतर जे झालं ते वाचून अजूनही राग येतो. वरिष्ठाने ती लपवायला सांगितली, लगेच दुरुस्त करू दिली नाही. ग्राहकांना कळलं एप्रिल २०१० मध्ये. सहाशेहून जास्त पोर्टफोलिओ, सुमारे २१.७ कोटी डॉलरचं नुकसान. कंपनीला ती रक्कम ग्राहकांना द्यावी लागली, वर अडीच कोटी डॉलरचा दंड भरावा लागला आणि संस्थापकाला या व्यवसायातून कायमचं बाहेर जावं लागलं.

ही जुनी गोष्ट आहे, आता तंत्रज्ञान बदललं, असं कोणी म्हणेल. मग जानेवारी २०२५ चं पाहा. टू सिग्मा ही संगणकी मॉडेलवर गुंतवणूक करणारी अमेरिकी कंपनी, तंत्रज्ञानात आघाडीवरचं नाव. मॉडेलमध्ये कोणालाही नकळत बदल करता येतील अशा पळवाटा त्यांच्या लोकांना २०१९ मध्येच दिसल्या होत्या, पण बंदोबस्त झाला ऑगस्ट २०२३ मध्ये. एसईसीने ९ कोटी डॉलरचा दंड लावला. दोन्हीकडे चूक ओळखणारी माणसं होती. त्यांचं ऐकणारं, त्यांच्या शब्दावर काम थांबवणारं कोणी नव्हतं. मेसेजचा सल्ला तर ती माणसंच काढून टाकायचा आहे!

बाकीचे मुद्दे झटपट.

क्लाउड म्हणजे बॅकअप नव्हे. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्ती निधीचं गुगल क्लाउडवरचं खासगी क्लाउडच पुसलं गेलं. दोन जागी प्रती होत्या, तरी त्याच्याबरोबर दोन्ही गेल्या. कारण काय, तर सुरुवातीच्या मांडणीत एक रकाना रिकामा राहिला होता. लाखो सभासदांना कित्येक दिवस आपलं खातं पाहता आलं नाही. निधी सावरला, कारण कोणीतरी आधीच विचार करून दुसऱ्या पुरवठादाराकडेही प्रती ठेवल्या होत्या.

एक्सेलच्या बाबतीत मेसेज अर्धा खरा आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. जेपी मॉर्गन या अमेरिकी बँकेच्या २०१२ च्या 'लंडन व्हेल' प्रकरणात (लंडनमधल्या एका ट्रेडरच्या प्रचंड सौद्यांतला तोटा) जोखमीचं गणित एक्सेलच्या शीटमध्ये होतं आणि आकडे हाताने कॉपी-पेस्ट व्हायचे. सूत्रात सरासरीने भागायच्या जागी बेरजेने भागलं गेलं आणि जोखीम कमी दिसली. बँकेचं एकूण नुकसान ६०० कोटी डॉलरच्या वर गेलं. तेव्हा रोजची जुळवणी हाताने डकवत बसू नये, हे बरोबरच. भाचीला मी हेच कळवलं: एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) पक्कं कर, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शीक, जे यंत्राने होतं ते यंत्राकडे दे, म्हणजे नोटिसा वाचायला आणि शंका विचारायला तुला वेळ उरेल. पण ते बेरीज-सरासरीचं सूत्र एक्सेलऐवजी पायथनमध्ये लिहिलं असतं तरी तेवढंच चुकलं असतं. दुसऱ्या कोणी ते नीट तपासलं नाही, दोष तिथे होता.

आणि विक्रेत्याची जबाबदारी? ऑगस्ट २०१५ मध्ये सनगार्ड या सॉफ्टवेअर विक्रेत्याची हिशेबाची यंत्रणा बिघडली. बीएनवाय मेलन ही मोठी कस्टोडियन बँक तिच्यावर अवलंबून होती, त्यामुळे शेकडो फंडांची एनएव्ही (फंडाच्या एका युनिटची त्या दिवशीची किंमत) वेळेत निघेना, आणि तीही बाजार जोरात कोसळत असलेल्या आठवड्यात. यंत्रणा विक्रेत्याची होती, पण गुंतवणूकदार दारात उभा राहतो तो फंडाच्या. ज्यांना खरंच काही करायचं असेल त्यांनी विक्रेत्याशी झालेला करार काढून एकच गोष्ट शोधावी: यंत्रणा बंद पडली तर त्या दिवशीची एनएव्ही कोण काढणार, आणि कुठल्या डेटावरून? भाचीने काल हा प्रश्न आपल्या विभागप्रमुखांना लेखी विचारला आहे. उत्तर अजून आलेलं नाही.