‘चोरी त्यांच्या रक्तातच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा संध्याकाळी आईचा फोन आला. सांगली जिल्ह्यात पलूसच्या पुढे आमचं गाव. घरामागच्या पडीक रानात दर गळीत हंगामाला ऊसतोडीची टोळी उतरते आणि त्यांच्या बायका-पोरी आमच्या बोअरचं पाणी नेतात. माझ्या लहानपणापासून हे असंच चालत आलंय. यंदा मात्र दिवेलागणीला दहा-अकरा वर्षांची एक पोर कळशी घेऊन आली, तेव्हा आईने फाटकाला आतून कडी घातली. पोर जरा वेळ उभी राहिली आणि रिकामी कळशी कमरेवर घेऊन परत गेली. “मला बी बरं नाही वाटलं गं,” आई म्हणाली, “पण सगळ्यांच्या मोबाईलवर आलंय. सगळं खोटं कसं आसंल?”

तिला तो मेसेज भावकीच्या ग्रुपवर आला होता. मला तोवर चार ठिकाणांहून आला होता. त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं: हंगाम सुरू झाला, पालावरच्या, म्हणजे तंबू ठोकून राहणाऱ्या फिरस्त्या लोकांपासून सावध राहा. चोरी त्यांच्या रक्तात असते, इंग्रजांनी उगीच यादी केली नव्हती. गरिबी-विषमता ही सबब आहे. गरीब वस्ती आली की गुन्हे येतातच, हे हार्वर्डच्या संशोधनाने सिद्ध झालंय. शिक्षा कडक नाहीत. पोलीस काही करत नाहीत, म्हणून संशयित दिसला की आधी चोपा. आपला जिल्हा पत्री सरकारचा आहे.

आधी शेवटच्या मुद्द्याचं बोलते, कारण त्याने माणसं मेली आहेत.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जीव जाईपर्यंत मारलं. ती माणसं मंगळवेढा भागातली, म्हणजे आपल्या जत तालुक्याला लागून असलेल्या मुलखातली. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज.

धुळं लांब आहे, असं कुणी म्हणेल. मग आपल्याच जिल्ह्यातलं लवंगा घ्या, जत तालुका, सप्टेंबर २०२२. उत्तर प्रदेशातले चार साधू पंढरपूरला निघाले होते. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला. तेवढ्यावरून मुलं पळवणारे म्हणून त्यांना पट्ट्यांनी आणि काठ्यांनी मारलं. त्यांचं नशीब बलवत्तर म्हणून ते वाचले. “संशयित दिसला की चोपा” लिहिणाऱ्याने सांगावं, संशयित म्हणजे कोण? रस्ता विचारणारा? की कळशी घेऊन पाण्याला आलेली पोर?

आणि यात पत्री सरकारचं नाव ओढलंय, याचा मला जास्त संताप आला. क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात इंग्रजांविरुद्ध प्रतिसरकार चालवलं, तेच हे पत्री सरकार. आजचा सांगली जिल्हा तेव्हा बराचसा त्यातच होता. त्यांच्या शिक्षा कठोर होत्या, हे मान्य. गावगुंडांना आणि दरोडेखोरांना त्यांनी वठणीवर आणलं, हेही खरं. पण त्यांनी गावोगावी न्यायदान मंडळं नेमली, लोकांसमोर तंटे ऐकले, सावकारीत अडकलेल्या जमिनींचे आणि टाकलेल्या बायकांचे प्रश्न सोडवले. राज्य परक्यांचं होतं आणि गरिबाला न्याय मिळत नव्हता, म्हणून त्यांनी ते केलं. बाजारात आलेल्या परक्या माणसाला विचारपूस न करता काठीने फोडणं आणि ते काम एकच, असं म्हणणाऱ्याला प्रतिसरकारचं केंद्र असलेल्या कुंडलचा इतिहास माहीत नाही.

आता ‘रक्तात’. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे १९११ च्या दुरुस्तीनंतर तो आपल्या मुंबई इलाख्यातही लागू झाला. त्या यादीतल्या जमातीत जन्माला आलं की माणूस गुन्हेगार. त्याने काही केलं की नाही, हा प्रश्नच नव्हता. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, कित्येकांनी कुंपणाच्या सेटलमेंटमध्ये राहायचं. रेल्वे आली, मिठाचा व्यापार सरकारच्या हातात गेला, जंगलं बंद झाली आणि फिरस्त्यांचे धंदे बुडाले. त्याच लोकांना मग ‘जन्मजात’ ठरवलं. रामोशी समाज आज विमुक्त जातींच्या, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्यांच्या यादीत आहे. गावाची राखण कुणाकडे असायची, हे आपल्या भागातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. ज्यांच्या भरवशावर आपले पणजोबा निवांत झोपले, त्यांनाच चोर म्हणताय? हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. डोक्यातून मात्र गेला नाही.

शिवाय ऊसतोडीची टोळी आणि भटक्यांचं पाल, दोन्ही एकच समजून मेसेज लिहिलाय. बीडकडून, जतकडून येणाऱ्या टोळीत नाना जातींची माणसं असतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर असते आणि पहाटेच्या अंधारापासून ती फडात असतात.

हार्वर्डचं म्हणाल, तर तिथेच शिकवणारे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर केलेला अभ्यास १९९७ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आला. शिकागो शहरातल्या ३४३ वस्त्या, ८,७८२ माणसं. त्यांनी लोकांना साधे प्रश्न विचारले होते: पोरं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी असतील तर शेजारी त्यांना हटकतील का? घरासमोर मारामारी झाली तर कुणी मध्ये पडेल का? शेजाऱ्यांचा एकमेकांवर भरवसा आहे का? निघालं ते असं, की वस्त्या सारख्याच गरीब असल्या तरी जिथे लोकांचा एकमेकांवर भरवसा होता आणि ते वेळेला पुढे येत होते, तिथे हिंसा कमी होती. जिथे गरिबी, बेकारी आणि वेगळं पाडलं जाणं एकाच ठिकाणी साचलं होतं, तिथे हा भरवसाच खचला होता. म्हणजे मेसेज सांगतो तसं गरीब वस्ती आली की गुन्हे येतातच, असं नाही. त्या अभ्यासाच्या अंगाने पाहिलं तर आईने पाणी भरू दिलं असतं तर एकमेकांवरचा भरवसा वाढला असता. कडी घालून तो कमी झाला.

“आपले आजोबाही गरीब होते, त्यांनी कुठे चोऱ्या केल्या?” हेही त्यात आहे. गरिबी वेगळी, विषमता वेगळी. अनेक देशांची आकडेवारी तपासून तिघा अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये दाखवलं की उत्पन्नातली दरी जिथे मोठी, तिथे खून आणि जबरी चोऱ्या जास्त. आजोबांच्या वेळी सगळा गाव एकाच आडाचं पाणी शेंदत होता असंही नाही, पण तो विषय मोठा आहे.

शिक्षा कडक करण्याबद्दल एवढंच, की शिक्षा किती मोठी यापेक्षा सापडण्याची खात्री किती, याचा धाक जास्त बसतो. गुन्हेगारीचे अभ्यासक हे वर्षानुवर्षं सांगत आलेत.

राहिले पोलीस. इथे मेसेज अर्धा खरा आहे आणि ते मला नाइलाजाने मान्य करावं लागतंय. कॉमन कॉज आणि लोकनीती या संस्थांच्या २०१८ च्या पाहणीत पोलिसांवर खूप विश्वास आहे म्हणणारे चारात एकही भरले नाहीत. आपल्याच सांगलीत नोव्हेंबर २०१७ मध्ये कोठडीतल्या एका तरुणाचा मारहाणीत जीव गेला, त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला आणि वर ‘आरोपी पळाला’ असं सांगितलं. ते कोण विसरेल? पण त्या कोठडीत चोप कुणाला बसतो? पालावरच्याला आणि गरिबालाच आधी. दोन वर्षांमागे आमच्या रानातल्या टोळीतल्या एका बाईच्या दोन शेळ्या चोरीला गेल्या. मी तिच्याबरोबर ठाण्यात गेले होते. तिथल्या अंमलदाराने मला खुर्ची दिली, तिला उभंच ठेवलं, आणि गुन्हा नोंदवण्याऐवजी कोऱ्या कागदावर अर्ज लिहून घेतला. त्या अर्जाचं पुढे काही झालं नाही. विश्वास तिचा गेला पाहिजे होता. मेसेज मात्र आपण पाठवतोय.

दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते त्याची, फिर्याद नोंदवलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ सालीच सांगितलंय. ठाण्यात नोंदवली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते. रात्री कुणी अनोळखी दिसलं तर ११२ ला फोन करा, पोलीस पाटलाला उठवा. भाग पाडायचंच असेल तर पोलिसांना त्यांचं काम करायला भाग पाडा.

ज्याने ग्रुपवर टाकलं त्या चुलतभावाला फोन केला. “मला आला, मी पुढे ढकलला,” म्हणाला. काढून टाक म्हटलं तर म्हणे, आता सगळ्यांनी वाचलाय.

आईने काल फाटकाची कडी काढून ठेवली. टोळीतल्या बायका आता पाण्याला कॅनॉलवर जातात. ती पोर अजून आलेली नाही.