जादा वॉरंटी घेतली म्हणजे पाच वर्षे निर्धास्त?

उन्हाळा तोंडावर आला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा: एसी, फ्रिज किंवा वॉशिंग मशीन घेताना जादा वॉरंटी घ्याच; एकदा पैसे भरले की पाच वर्षे काहीही बिघडो, कंपनी फुकट दुरुस्त करते, दुरुस्त झाले नाही तर नवी वस्तू देते, आणि मग घराचा विमाही काढावा लागत नाही. मला हा संदेश पाठवणारे तिन्ही नातेवाईक नव्या खरेदीच्या बेतात आहेत, म्हणून त्यातील एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

‘काहीही बिघडो’ हे पहिले विधान सर्वांत घातक आहे. जादा वॉरंटी हा सेवेचा करार असतो आणि त्यात जेवढे लिहिले आहे तेवढ्याचीच जबाबदारी कंपनीवर येते. बहुतेक योजना नेहमीच्या वापरात उद्भवलेला यांत्रिक किंवा विद्युत बिघाड मान्य करतात; मात्र विजेच्या दाबातील चढउतार, गंज, पाण्यातील क्षारांचा थर, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि प्लॅस्टिकचे भाग हे सारे साधारणपणे वगळलेले असते. आता आपल्या भागात यंत्रे कशाने बिघडतात ते आठवून पाहावे. भुसावळला मे महिन्यात पारा अनेकदा 45 अंशांच्या आसपास किंवा पुढे जातो, दुपारी सगळ्या घरांतले एसी आणि कूलर एकदम चालू होतात, विजेचा दाब खाली-वर होतो, आणि बोअरच्या जड पाण्याने वॉशिंग मशीनच्या हीटरवर पांढरा थर चढतो. म्हणजे खानदेशातील घरात ज्या कारणांनी यंत्र बंद पडण्याची शक्यता मोठी, नेमकी तीच कारणे वगळलेल्यांच्या यादीत सापडतात.

भुसावळच्या माझ्या मामांचा अनुभव मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्यांनी इन्व्हर्टर एसीबरोबर जादा वॉरंटी घेतली होती आणि ‘या एसीला स्टॅबिलायझर लागत नाही’ असे दुकानदाराने सांगितल्यामुळे तो बसवला नव्हता. गेल्या मे महिन्यात एसी बंद पडला. मेकॅनिकने गच्चीवरच्या आउटडोअर युनिटचे झाकण काढून आतला पीसीबी, म्हणजे यंत्र चालवणारा इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड, बाहेर घेतला, तेव्हा त्यावरचा नाण्याएवढा निळा व्हॅरिस्टर फुटून भोवती काजळी धरलेली दिसली. दाब मर्यादेबाहेर वाढला की हा भाग स्वतः जळून बाकीचा बोर्ड वाचवू पाहतो. मेकॅनिकने जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, ‘हाय व्होल्टेज’ एवढे दोनच शब्द लिहिले आणि चार दिवसांनी दावा नाकारल्याचा मेसेज आला. मामी तेवढेच म्हणाल्या, ‘अहो, मग पैसे कशाचे घेतले होते?’ त्या प्रश्नाचे उत्तर योजनेच्या सातव्या पानावर बारीक अक्षरांत होते, परंतु खरेदीच्या दिवशी ते पान कोणी दाखवले नव्हते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी पूर्ण करारपत्र मागून ‘काय मिळत नाही’ हा भाग आधी वाचावा, आणि स्टॅबिलायझरची अट आहे का हे लेखी विचारून घ्यावे.

‘पाच वर्षे’ हा आकडाही फसवा आहे, कारण त्यात निर्मात्याने मुळातच दिलेले पहिले वर्ष धरलेले असते. शिवाय अनेक एसी आणि फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर निर्मात्याचीच 10 वर्षांची वॉरंटी असते, त्यामुळे जादा पैसे खरे तर पीसीबी, पंख्याची मोटर, कॉइल आणि गॅस यांच्यासाठी दिले जातात. समजा योजना 4,500 रुपयांची आहे. 18 टक्के जीएसटी धरून ती 5,310 रुपयांना, म्हणजे चार वर्षांच्या हिशेबाने वर्षाला सुमारे 1,328 रुपयांना पडते. पीसीबी आणि गॅस दोन्ही समाविष्ट असतील तर इन्व्हर्टर एसीसाठी मी ही रक्कम देईन. कूलर किंवा मिक्सरसाठी देणार नाही, कारण त्यांची दुरुस्ती गल्लीतला मेकॅनिक त्याहून स्वस्तात करतो.

‘नवी वस्तू देते’ या विधानाबाबत एवढेच की, अनेक योजनांत वस्तूच्या वयानुसार घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) वजा करून उरलेली रक्कम किंवा तेवढ्या किमतीचे कूपन मिळते. तळोदा किंवा धडगावच्या ग्राहकाने आणखी एक गोष्ट विचारावी: मेकॅनिक घरी येईल, की यंत्र नंदुरबारला स्वतः न्यावे लागेल आणि भाडे कोण देईल?

विम्याविषयीचे विधान तर सर्वस्वी चुकीचे आहे. 1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. ती आग, पूर, भूकंप, वीज कोसळणे अशा संकटांतील नुकसानीसाठी आहे. पुराच्या पाण्यात फ्रिज बुडाला तर वॉरंटी कामाला येत नाही, आणि झिजून मोटर बंद पडली तर विमा येत नाही. याच संदेशाच्या एका वाढीव रूपात नव्या फ्लॅटच्या गळतीसाठीही योजना घ्या असे सुचवले आहे. परंतु रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या कायद्याच्या, कलम 14(3) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत कळवलेला बांधकामातील दोष 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणे बिल्डरवर मुळातच बंधनकारक आहे.

दावा नाकारला गेला की हात टेकावे लागतात, असेही नाही. जॉबशीटची प्रत मागून घ्यावी, नकाराचे कारण लेखी मागावे आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. त्यानेही भागले नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते. वस्तू किंवा सेवेसाठी आपण मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. मामांनी जॉबशीट, बिल आणि ‘स्टॅबिलायझर लागत नाही’ असे छापलेले दुकानाचे माहितीपत्रक एका फाइलमध्ये लावले आहे आणि जळगावच्या आयोगाकडे द्यायच्या अर्जाचा मसुदा आम्ही दोघे मिळून लिहीत आहोत.