सात मेपल आणि एक मोळी

"सरपण कशाला रे बांधून ठेवलंयस? इथे चूल कुठाय?"

साताऱ्याहून एडिसनला येऊन आईला जेमतेम दोन तास झाले होते. डोळ्यांवर झापड होती, तरी न्यू जर्सीतलं बाकी सगळं सोडून तिला नेमकी डेकवरची कुंडी दिसली. कुंडीत जपानी मेपलची सात रोपं एकमेकांना आवळून बांधलेली. मी म्हटलं, "आई, ते बोनसाय आहे."

"एवढ्या सरपणात चहासुद्धा नाही व्हायचा," ती म्हणाली आणि झोपायला गेली.

चूक माझी नाही, वॉशिंग्टनची आहे. तिथल्या नॅशनल आर्बोरेटम या वृक्षोद्यानात बोनसायचं, म्हणजे कुंडीत खुज्या ठेवलेल्या झाडांचं, संग्रहालय आहे. १९७६ साली जपानने अमेरिकेला ५३ बोनसाय भेट दिली, तिथून त्याची सुरुवात. त्यातला एक पाइन १६२५ पासून जोपासला जातोय आणि १९४५ साली हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तिथून तीनेक किलोमीटरवर मालकाच्या अंगणात भिंतीआड उभा होता. एवढं वाचून शहाण्या माणसाने हात जोडून घरी यावं. मी मात्र खोडांची जाडी बघत हिशोब मांडला. माझं वय ५२. कुंडीतल्या मेपलचं खोड मनगटाएवढं व्हायचं तर वीस-पंचवीस वर्षं सहज. म्हणजे झाड प्रदर्शनात आणि मी हार घातलेल्या फोटोत.

यावर एक चोरवाट आहे. बरीच बारीक रोपं एकत्र बांधायची. जाड होताना ती एकमेकांवर दाबली जातात, सालीखालचे जिवंत थर एकमेकांना भिडतात आणि काही हंगामांत सगळ्यांचं मिळून एकच गलेलठ्ठ खोड होतं. वाचायला फार सोपं आहे.

ऑफिसच्या पार्किंगमधल्या मेपलखाली मी बिया वेचल्या. थंडी भोगल्याशिवाय त्या बियांना जाग येत नाही, म्हणून ओल्या टिश्यूत गुंडाळून तीन महिने फ्रीजमध्ये ठेवल्या. मेपलच्या बीला पातळ पंख असतो. बायकोने कोथिंबीर समजून ती पिशवी उघडली आणि जी किंचाळली! "फ्रीजमध्ये माशा कुणी ठेवल्यात?" त्यानंतर वसंत येईपर्यंत पाहुण्यांदेखत आमच्या फ्रीजचं दार फक्त मीच उघडत असे.

पुढच्या वसंतात रोपं उदबत्तीएवढी झाली आणि बांधायचा मुहूर्त आला. ज्यांनी गौरीला साडी नेसवलीय त्यांनाच हे कळेल. निऱ्या धराव्यात तर पदर सुटतो, पदर धरावा तर मुखवटा मान टाकतो. पाच रोपं मुठीत आली की सहावं निसटायचं, आणि त्याला धरेपर्यंत पहिली तीन फुलासारखी उमलायची. बायकोला मदतीला बोलावलं तर ती एका हाताने रोपं आणि दुसऱ्या हाताने मीटिंग सांभाळत होती. "पटकन बांध, मी अनम्यूट आहे." सुतळी सैल पडली. शेवटी प्लॅस्टिकचे झिप टाय आणून करकचून आवळले.

"आपल्या परड्यातल्या पिंपळाला कुणी बांधलं होतं?" आईने दुसऱ्या दिवशी विचारलं. याला उत्तर नव्हतं. पिंपळाची मुळं एकमेकांना भेटली की आपसूक जुळतात आणि जाता जाता भिंतही गिळतात. आमच्या परड्यातला तीनदा तोडला, तीनदा आला. इथे मी खतपाणी घालून मिनतवाऱ्या करतोय आणि सातही जण पाठ फिरवून बसलेत.

जूनमध्ये वटपौर्णिमा आली. एडिसनमध्ये कढीपत्त्यापासून कुयरीपर्यंत सगळं मिळतं, वड मिळत नाही. "सात आहेत की," आई म्हणाली, "सावित्री घेईल समजून." पण डेकच्या कोपऱ्यात फेऱ्या मारायच्या कुठून? माझी कुंडी फिरत्या पाटावर असते, सगळ्या बाजूंनी छाटता यावं म्हणून. मग बायको साताऱ्याहून आलेलं सूत धरून जागीच उभी राहिली आणि मी खाली बसून पाट फिरवला. इतरांकडे बाई झाडाभोवती फिरते. आमच्याकडे झाड बाईसमोर सात वेळा फिरलं, आणि फिरवणारा ज्याच्या आयुष्यासाठी हे चाललं होतं तोच.

ऑक्टोबरात आणखी एक शिक्षण झालं. सातांपैकी एक लालभडक झालं, दोन पिवळी पडली, तीन विटकरी आणि एक नोव्हेंबर उजाडला तरी हिरवंगार. एकाच आईची लेकरं, पण बियांतून आलेली, प्रत्येकाचा स्वभाव निराळा. जाणकार एकाच झाडाच्या फांद्या लावतात, मग सगळे एका दिवशी रंगतात. हे आधी वाचायला हवं होतं, पण आधी मी खोडाची जाडी वाचत होतो.

पानं गळाल्यावर टाय कापायला घेतले. एक सापडेना. सालीने त्याला दोन्ही बाजूंनी गिळलं होतं. रोपं एकमेकांशी नाही, पण प्लॅस्टिकशी मात्र एकजीव झाली होती. फक्त बुंध्याशी तिघं खरोखर जुळलेली दिसली, नेमकी त्या सुताखाली. एव्हाना आई साताऱ्याला परतली होती. फोनवर दाखवून मी सांगितलं, की तिथे टायसुद्धा होता, तेव्हा हे काही सुताचं काम नाही.

"बरं," आई म्हणाली. "उरलेल्या चौघांचं पुढच्या जूनमध्ये बघू. तोवर त्यांच्या गळ्यातला तो फास काढ."