रोजच्या गाडीत रोल केज? आधी एसीच्या नळीवरचा फोम बोटाने दाबून पाहा

‘शर्यतीच्या गाडीसारखा रोल केज रोजच्या गाडीत बसवा, केसालाही धक्का लागणार नाही, हार्डवेअरच्या दुकानातला दीड इंची पाइप पुरतो, डिकीत फ्युएल सेल टाकला की आग लागूच शकत नाही,’ असा संदेश गेले काही दिवस फिरतो आहे. रोल केज म्हणजे गाडी उलटली तरी छप्पर दबू नये म्हणून आत बसवलेला पोलादी नळ्यांचा सांगाडा, आणि फ्युएल सेल म्हणजे शर्यतीच्या गाडीतली खास सुरक्षित इंधनटाकी. माझ्या भाच्याने तो नुसता पुढे ढकलला असता तर मी गप्प बसलो असतो. पण त्याने फॅब्रिकेशनवाल्याकडून दरही आणला आणि ताईने मला फोन केला, म्हणून हे लिहावे लागत आहे.

पाइपचा मुद्दा लवकर निकालात काढतो. आंतरराष्ट्रीय मोटारस्पर्धा महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या, नियमावलीतील परिशिष्ट ‘जे’चे कलम 253 केजच्या मुख्य कमानीसाठी, म्हणजे चालकाच्या मागच्या उभ्या कमानीसाठी, बिनजोड, थंड ओढलेली कार्बन पोलादाची नळी मागते. तिचा व्यास किमान 45 मिलिमीटर व जाडी 2.5 मिलिमीटर, किंवा 50 व 2 मिलिमीटर असावी लागते आणि ताणशक्ती प्रति चौरस मिलिमीटर किमान 350 न्यूटन. पाण्याच्या पाइपला लांबीभर जोड असतो आणि वर जस्ताचा थर, जो वेल्डिंगच्या वेळी विषारी धूर सोडतो आणि सांधा सच्छिद्र करतो. वाळू भरून, गॅसने तापवून पाइप वाकवण्याची जी युक्ती संदेशात सांगितली आहे, तीही याच कलमात बसत नाही. नळी थंडच वाकवायची आणि वळणाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट ठेवायची, असे ते सांगते. केजचे पाय थेट फ्लोअरला वेल्ड करणे तर भोळेपणाच आहे. तो पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. गाडी उलटली की खांब त्यातून ओल्या मातीत खुंट जावा तसा आरपार जातो. म्हणून खाली किमान 3 मिलिमीटर जाडीची, 120 चौरस सेंटिमीटरची, म्हणजे साधारण पोस्टकार्डाएवढी, पट्टी लागते.

मात्र खरा घातक दावा पहिला, ‘केसालाही धक्का लागणार नाही’ हा, आहे. गाडी उलटल्यावर केज छप्पर खाली येऊ देत नाही, हे मला मान्यच करावे लागेल. पण शर्यतीतला चालक सहा जागी बांधलेला असतो, त्याची सीट मागून-बाजूने त्याला धरून ठेवते, डोक्यावर हेल्मेट असते आणि मानेला आधार असतो. रोजच्या गाडीत तीन बिंदूंचा पट्टा असतो, जो धडकेत शरीराला थोडे पुढे येऊ देतो, आणि डोके उघडे असते. अशा डोक्यापासून वीतभर अंतरावर पोलादी नळी आणून ठेवायची आणि त्याला सुरक्षितता म्हणायचे! कडेच्या पडदा एअरबॅगच्या वाटेत ती नळी येते, हे आणखी वेगळे. ‘वर फोम गुंडाळा’ हे त्यावरचे उत्तर. भाच्याने पाठवलेल्या फोटोत तो फोम दिसतो: स्प्लिट एसीच्या तांब्याच्या नळीवर घालतात तीच काळी नळी. घरी बोटाने दाबून पाहा, थेट धातू लागतो. हेल्मेट जिथे आपटू शकते तिथे लावायचा एफआयए 8857-2001 प्रमाणित फोम इतका कडक असतो की नवख्याला तो सदोष वाटावा, आणि तोसुद्धा हेल्मेट गृहीत धरून बनवलेला आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीकृत गाडीच्या मूळ रचनेत असा फेरफार करता येत नाही.

आता फ्युएल सेल. रबरी पिशवी, आतला स्पंजासारखा फोम आणि बाहेरची पेटी यांमुळे इंधन सांडण्याचा व भडका उडण्याचा धोका खूप कमी होतो, इतके खरे. ‘आग लागूच शकत नाही’ म्हणणाऱ्यांनी 29 नोव्हेंबर 2020 ची बहरीनची शर्यत आठवावी. रोमां ग्रोजांची फॉर्म्युला वन गाडी ताशी 192 किलोमीटर वेगाने कठड्यात घुसली, टाकीच्या तपासणीचे झाकण निसटले, इंधनाची जोडणी पिशवीपासून तुटली आणि तो 27 सेकंद आगीत होता. जगातल्या सर्वांत काटेकोर नियमांखालची टाकी ती. डिकीत पट्ट्याने बांधलेला, मागच्या सीटपासून आगरोधक पडद्याने वेगळा न केलेला आणि उलटल्यावर वाफनळीतून पेट्रोल गळू न देणारा व्हॉल्व्ह नसलेला डबा काय करील?

हे सगळे ऐकल्यावर भाच्याने केजचा नाद सोडला, पण कोणीतरी स्वस्तात देत असलेला जुना सेल घेऊ का, असे विचारले. एफआयए प्रमाणित पिशवीची मुदत उत्पादनापासून पाच वर्षे असते, आणि उत्पादकाने तपासून प्रमाणपत्र दिले तरच आणखी दोन वर्षे मिळतात. तिच्यावरच्या तारखेचा फोटो पाठव, असे मी त्याला कळवले आहे. अजून आलेला नाही.