मेलेला क्लब म्हणे!

सकाळपासून डोकं तापलंय. लिहून काढल्याशिवाय झोप लागायची नाही. लांबेल बहुतेक, सवडीनं वाचा.

सकाळी कोल्हापुरात मिरजकर तिकटीला चहाला थांबलो होतो. अंगात माझा तो निळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा शर्ट. शेजारी आमच्याच पेठेतला एक पोरगा, असेल एकोणीस-वीसचा, रेआल माद्रिदची जर्सी घालून. "काका, हा कुठला क्लब?" म्हटलं, रेक्रेआतिवो दे उएल्वा, स्पेनमधला सगळ्यात जुना फुटबॉल क्लब. त्यानं जागच्या जागी मोबाईलवर बघितलं आणि म्हणाला, "चौथ्या डिव्हिजनला हाय की हो. मेलेला क्लब ह्यो. बंद पडला तर कुणाला कळणार बी न्हाई."

सगळे हसले. मी चहा तसाच ठेवून निघालो.

चार वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी तीन महिने स्पेनमधल्या सेव्हिलला होतो, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. तिथं सगळे मला म्हणायचे, बेतिस बघ, सेव्हिया बघ, म्हणजे त्या शहरातले मोठे क्लब. एका रविवारी मी बस पकडून उएल्वाला गेलो. नव्वद-पंचाण्णव किलोमीटर, म्हणजे आपलं कराडच्याही पुढं. स्टेडियमचं नाव नुएवो कोलोंबिनो, कोलंबसावरून. तो शेजारच्याच पालोस बंदरातून निघाला होता. एकवीस हजारांचं स्टेडियम आणि मॅच चौथ्या थरातली. मला वाटलं होतं, शे-दोनशे माणसं असतील. मर्दानो, गेटाला रांग होती! बायका, पोरं, काठी टेकत आलेली म्हातारी माणसं.

माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते, सोबत कॉलेजात शिकणारी नात. आजोबांच्या हातात भाजलेल्या सूर्यफुलाच्या बियांची पुडी. तिकडं मॅच बघताना आपल्याकडच्या शेंगांसारख्या या बिया सोलून खातात. मी काही न मागता त्यांनी अर्धी पुडी माझ्या ओंजळीत ओतली. आम्ही एका गोलनं मागे होतो. ("आम्ही" कधी झालो ते मलाही कळलं नाही.) शेवटची दहा मिनिटं राहिली, माझी बस चुकणार होती, म्हणून मी उठलो. आजोबांनी माझी बाही धरली. काय म्हणाले ते नातीनं इंग्रजीत सांगितलं: "बस उद्यापण येते. मॅच संपेपर्यंत बसायचं."

मी बसलो. हरलो. बस चुकली.

आता त्या पोराला कुणीतरी सांगा. २३ डिसेंबर १८८९ ला हा क्लब स्थापन झाला. माद्रिद जन्माला यायला अजून बारा वर्षं होती. रिओ तिंतो नावाच्या ब्रिटिश कंपनीनं १८७३ मध्ये तिथल्या तांब्याच्या खाणी स्पेन सरकारकडून विकत घेतल्या. खाणीपासून बंदरापर्यंत रेल्वे टाकली, नदीत धक्का बांधला. तिथं नोकरीला आलेले इंग्रज-स्कॉटिश लोक संध्याकाळी चेंडू लाथाडायचे. कंपनीचे डॉक्टर विल्यम अलेक्झांडर मॅके यांनी पुढाकार घेतला आणि क्लब उभा राहिला. ८ मार्च १८९० ला हे लोक सेव्हिलला जाऊन तिथल्या संघाशी खेळले. २-० हरले. पण स्पेनमध्ये दोन क्लबांमध्ये नियमाप्रमाणे झालेली पहिली मॅच म्हणतात ती हीच. म्हणून रेक्रेला (रेक्रेआतिवोचं हे लाडकं नाव) अख्खा स्पेन 'एल देकानो' म्हणतो. आपल्या भाषेत सांगायचं तर थोरला. घरातला थोरला कमवत नाही म्हणून त्याला मेलेला म्हणतो का आपण?

खाणवाल्या साहेबांनी काढलेला क्लब आहे, हे मान्य. त्या कंपनीचे हात स्वच्छ नव्हते हेही मान्य. कच्चा धातू उघड्यावर रचून भाजायचे. त्या धुरानं शेतं करपली, माणसं खोकून बेजार झाली. क्लबच्या आदल्या वर्षी, ४ फेब्रुवारी १८८८ ला, त्याविरुद्ध जमलेल्या खाणकामगारांवर आणि शेतकऱ्यांवर सैन्यानं गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा तेराचा, लोक शेकड्यानं सांगतात. हे विसरून क्लबचं कौतुक करायला मी तयार नाही.

पण आजोबांनी मॅचच्या मधल्या वेळेत मला विचारलं होतं, "तुमच्याकडं पण इंग्रज होते ना? काय ठेवून गेले?" मी म्हटलं, रेल्वे आणि क्रिकेट. ते म्हणाले, "आमच्याकडं लाल नदी आणि रेक्रे." नदी खरोखर लाल आहे, खनिजांमुळं. साहेब गेले, कंपनीचं राज्य गेलं. क्लब मात्र तिथल्या माणसांनी आपला करून घेतला. आता तो कुणाचा आहे हे त्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांना विचारा.

सव्वाशेहून जास्त वर्षांत पहिल्या विभागात जेमतेम पाच हंगाम. १९७८-७९ चा एक, २००२-०३ चा एक आणि २००६ पासून सलग तीन. २००३ मध्ये राजाच्या चषकाच्या फायनलला पोचले, तिथं मायोर्कानं ३-० हरवलं. एवढंच. एवढ्यावर माणसं पिढ्यान् पिढ्या जगली.

आणि माद्रिदची जर्सी घालून बोलतोयस ना बाळा, तर २० डिसेंबर २००६ ची तारीख बघ. बर्नाबेऊवर, तुझ्याच माद्रिदच्या घरात, रेक्रे ३-० नं जिंकलं. पुढं नावाजलेला खेळाडू सान्ती काझोर्ला तेव्हा रेक्रेकडं होता.

हे लिहिताना हात थांबला. त्याच दिवशी मॅचसाठी निघालेल्या चाहत्यांच्या एका बसला वाटेत अपघात झाला. चार माणसं गेली. क्लबच्या सगळ्यात मोठ्या विजयाची तारीख आणि ही तारीख एकच आहे. मला हे त्या रविवारी माहीत नव्हतं, परत आल्यावर वाचलं. तेव्हापासून "बस उद्यापण येते" हे वाक्य मला आधीसारखं ऐकू येत नाही. आजोबांच्या मनात ते होतं की नव्हतं, देव जाणे. पण बाही घट्ट धरली होती त्यांनी.

पुढं वाईट दिवस आले. खेळाडूंचे पगार थकले, करांची थकबाकी डोंगराएवढी. २०१५ ला तिसऱ्या थरात घसरले. २०१६ मध्ये क्लब बुडणार असं दिसल्यावर उएल्वाच्या नगरपालिकेनं मालकाकडून क्लब चक्क ताब्यात घेतला. ऐतिहासिक वाडा ताब्यात घ्यावा तसा. सांस्कृतिक वारसा म्हणूनच त्याच्याकडं बघितलं गेलं. मी वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. असं आपल्याकडं कुणाला सुचेल? आपल्याकडं मालकाचा मूड फिरला की संघ बंद! १८९१ पासूनचा मुंबईचा रोव्हर्स चषक बंद पडला, कुणी हूं की चूं केलं नाही. गोव्याचे क्लब राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, आपण दोन दिवस हळहळलो आणि विसरलो.

लोकांच्या पैशानं फुटबॉल क्लब चालवायचा का, हा प्रश्न रास्त आहे, माहीत आहे मला. बेकारी असलेल्या गावात तर जास्तच. पण देवळाच्या जीर्णोद्धाराला कुणी हा प्रश्न विचारत नाही.

२०२१ मध्ये तर लीगची फेररचना झाली आणि रेक्रे एकदम पाचव्या थरात पडलं. तिथून दोन वर्षांत दोन पायऱ्या चढले. २०२५ ला परत एक खाली. आणि माणसं अजून येतात. मेलेल्या क्लबाच्या मॅचला कुणी येतं का, सांगा बघू.

लिहिता लिहिता राग उतरला खरं तर. कारण आत्ता आठवलं, ह्याच पोराला मी मागच्या सीझनला शाहू स्टेडियमवर बघितलंय. आपल्या पेठेच्या तालमीचा फुटबॉल संघ हरत होता, वर ऊन मी म्हणत होतं, आणि हा गॅलरीत घसा बसेस्तोवर ओरडत होता. शिट्टी होईपर्यंत हलला नाही. त्यानं माद्रिद फक्त टीव्हीवर बघितलंय. पेठेचा संघ त्यानं अंगावर घेतलाय. त्याला रेक्रे समजवायला मला स्पेनचा इतिहास सांगायची गरजच नव्हती. उगाच चहा टाकून निघालो.

रविवारी तालमीची मॅच आहे. त्याला निरोप धाडलाय, माझ्या शेजारी जागा धरतो म्हणून. सूर्यफुलाच्या बिया मिळाल्या तर बघतो, नाहीतर शेंगा आणीन.