खुलासा: बोलताना काटा २२ टक्के चढला नाही म्हणून एएम सेट उघडू नका

८०७ व्हॉल्व्ह वापरणाऱ्या एएम ट्रान्समीटरबद्दलची माझीच जुनी पोस्ट पुन्हा फिरते आहे: ‘८०७ च्या सेटवर बोलताना अँटेना अ‍ॅमीटर २२ टक्के चढला नाही, तर मॉड्युलेटर खराब.’ (अँटेना अ‍ॅमीटर म्हणजे अँटेनात जाणारा करंट दाखवणारा मीटर; मॉड्युलेटर म्हणजे आवाज रेडिओ लहरीवर चढवणारा भाग.) हे चूक आहे. मी अर्धवट लिहिलं होतं.

वाढ २२.५ टक्के खरी, पण १०० टक्के मॉड्युलेशनला, म्हणजे आवाज लहरीवर पूर्ण चढला असताना, तेही सलग साइन टोन (एकच शुद्ध सूर) दिला तर. तेव्हा पॉवर दीडपट होते आणि करंट दीडच्या वर्गमुळाइतका, १.२२५ पट. बोलण्यातली शिखरं क्षणिक, सरासरी कमी. त्यात हा अ‍ॅमीटर थर्मोकपलचा, म्हणजे करंटच्या उष्णतेवर चालणारा, आणि मुळात सुस्त. परवा ‘हॅलो, हॅलो’ म्हणताना माझा काटा १ अँपिअरवरून जेमतेम १.०५ वर गेला. ऑसिलोस्कोपवर मात्र शिखरं पूर्ण भरलेली होती.

करंट उलट घसरला तर जरूर शोध घ्या: ग्रिड ड्राइव्ह (व्हॉल्व्हला आधीच्या टप्प्याकडून मिळणारा सिग्नल) कमी, फायनलचा, म्हणजे शेवटच्या टप्प्याचा व्हॉल्व्ह थकलेला, किंवा ८०७ च्या स्क्रीनला (आतल्या एका जाळीला) ऑडिओच पोचत नाही. मॉड्युलेटर बिचारा बहुधा ठीक असतो.

काटा चढवायला गेन (ऑडिओची पातळी) वाढवू नका. कॅरिअर (आवाज वाहून नेणारी मूळ लहर) तुटतो आणि फाटका आवाज शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर पसरतो. जुनी पोस्ट मी काढली आहे. तुमच्या ग्रुपवर दिसली तर पुढे पाठवू नका, ही द्या.