‘उंची वाढली की वजन उतरेल’ म्हणून थांबू नका

‘मूल गुबगुबीत असलेलंच बरं. उंची वाढली की सगळं उतरतं. आमच्या घराण्यात सगळे असेच. मैदानावर पाठवा, झालं!’ घरोघरच्या ग्रुपवर फिरणारा हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो हे खरं, पण त्यावर विसंबून मुलांची मोलाची वर्षं हातची जातात.

उंचीचा मुद्दा निम्मा बरोबर आहे. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, पहिल्या वर्षात चढतो, मग पाच-सहा वर्षांपर्यंत उतरतो आणि पुन्हा चढू लागतो. म्हणून आठ महिन्यांच्या बाळाच्या मांडीला वळ्या असल्या तर काळजी नको. चार वर्षांच्या मुलाला मात्र हाच न्याय लावता येत नाही. जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी सुमारे ५१,५०० मुलांच्या नोंदी तपासल्या. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, तिसऱ्या वर्षी लठ्ठ असलेल्यांपैकी जवळपास ९० टक्के मुलांचं वजन किशोरवयातही जास्तच होतं. लठ्ठ किशोरांचा बीएमआय सर्वात वेगाने वाढला होता तो २ ते ६ या वयात. आपण ‘उतरेल’ म्हणत थांबतो ती नेमकी हीच वर्षं.

आनुवंशिकता असतेच. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६मध्ये २.१ टक्के होतं, ते २०१९-२१मध्ये ३.४ टक्के झालं. एवढ्यात घराणी बदलत नाहीत.

खेळ हवाच, पण डब्याकडेही बघा. नेदरलँड्समध्ये ६४१ मुलांना दीड वर्ष रोज २५० मिलि पेय दिलं. काहींना साखरेचं, काहींना बिनसाखरेचं, आणि कोणाला कोणतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. साखरवाल्यांचं वजन सरासरी एक किलो जास्त वाढलं. फरक रोजच्या एका छोट्या कॅनचा!

आणि ‘गुबगुबीत असलेलंच बरं’ हे तर आपल्याकडे जास्तच घातक. पुण्यातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाला पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं सरासरी २.७ किलोची आढळली, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. तरी आपल्या बाळांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती. दिल्लीच्या २००४च्या अभ्यासातही, तरुणपणी मधुमेह किंवा त्याची सुरुवात आढळलेले लोक दोन वर्षांपर्यंत बारीकच होते. त्यांचा बीएमआय पुढे लवकर चढू लागला होता. तेव्हा बारीक मुलाच्या मागे वाटी घेऊन धावून त्याला गुबगुबीत करू नका.

लसी संपल्या की वाढीचा तक्ता कपाटात जातो. तो बाहेर काढा आणि दर सहा महिन्यांनी उंची-वजन मोजून डॉक्टरांकडून त्यावर बीएमआयचा बिंदू मांडून घ्या. पाच वर्षांच्या आधीच रेषा वर वळली, तर पुढच्या वाढदिवसाची वाट बघू नका.